वाढणे आणि टाकणे

(द्वितीय वर्ष कला)

दुसऱ्याला अन्न देण्यासाठी मराठीत निदान तीन क्रियापदे आहेत. पाहुण्याला आपण जेवण वाढतो, भिकाऱ्याला भीक घालतो आणि कुत्र्याला तुकडा टाकतो. व्याकरणाच्या तासाला ही तिन्ही सकर्मक म्हणून एकाच रांगेत बसतील, पण घरात त्यांची रांग एक नाही. गंमत अशी की दारात येणारा माणूस स्वतः कधी ‘घाला’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘वाढा हो माय.’ आणि आतून घरातली वडीलधारी बाई सुनेला सांगते, ‘कोण आलंय बघ गं, घाल काहीतरी त्याला.’ मागणारा वाढायची विनंती करतो आणि देणारा घालतो. घरातले कोणी रागात असेल तर टाकतोसुद्धा.

हे माझ्या ध्यानात आले ते कोणत्याही पुस्तकामुळे नव्हे. ते एका म्हातारीमुळे आणि तिच्या मागोमाग माझ्या आजीमुळे आले. प्रस्तुत लेखात मला या विषयावर थोडा अभ्यास मांडावयाचा आहे. पण अभ्यासाला कारण झालेला प्रसंग आधी सांगितला नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल.

आमचे गाव आंबी. तळेगाव दाभाड्याहून नवलाख उंबऱ्याकडे जाताना इंद्रायणी ओलांडली की लागते ते. एके काळी भाताची खाचरे आणि चार वाड्या एवढेच गाव होते. आता औद्योगिक वसाहतीमुळे रस्त्यावर दिवसरात्र ट्रक असतात, आणि कामाच्या शोधात परमुलखातून आलेली माणसे. ज्यांना काम मिळते ती चाळीतून खोल्या घेतात. ज्यांना मिळत नाही, किंवा मिळून सुटते, ती तळेगाव स्टेशनच्या आसपास, पुलाखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर रात्र काढतात. त्यांच्यात म्हातारी माणसे असतात, घरातून बाहेर पडलेल्या बायका असतात, हात-पाय अधू झालेले मजूर असतात.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही नऊ विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मसालेभाताची साठ पाकिटे केली आणि संध्याकाळी स्टेशनवर गेलो. थंडी चांगलीच होती. अर्ध्या तासात पन्नासेक पाकिटे संपली. मी पाकीट देत होतो आणि माझा मित्र मोबाइलवर फोटो काढत होता, कारण अहवालाला फोटो लागतात. एका पायरीवर एक म्हातारी बसली होती. बोलण्यावरून मराठवाड्यातली वाटली. मी पाकीट पुढे केले तर तिने हात पुढे केलाच नाही. म्हणाली, ‘लेकरा, रातच्याला भात सोसंना रं मला. भाकरीची कोर असली तर दी.’

माझा मित्र हसला. ‘भिकाऱ्याला कसली आलीय आवड!’ असे तो म्हणाला, आणि मीही हसलो. पाकीट तिच्या बोचक्यावर ठेवले. ठेवले म्हणतो, पण खरा शब्द टाकले असाच आहे. परत येताना पाहिले तर ते पाकीट शेजारच्या कुत्र्यापुढे फाडलेले होते. आम्हाला फार राग आला. अन्नाचा असा अपमान! घरी येऊन मी तिखटमीठ लावून ही हकीकत आजीला सांगितली. वाटले, ती माझ्या बाजूने बोलेल.

आजी म्हणाली, ‘मीबी टाकली असती.’

आमची आजी माहेरची शिरूर तालुक्यातली. १९७२ साली ती सतरा वर्षांची होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. पावसाने सलग पाठ फिरवल्यामुळे त्या वर्षी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात विहिरी आटल्या, आणि मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी ती कामे. कामावरच्या माणसांना सुकडी मिळे, आणि रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे. त्या पिढीच्या कोणत्याही माणसासमोर ‘मिलो’ हा शब्द काढून पाहा, चेहरा कसा होतो तो! आजी सांगते की त्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापताना तडे जात, आणि रंग असा की पोरे विचारीत, ‘आई, हे काय आहे?’ तरीही खाल्ली. मिलोने माणसे जगवली हे ती नाकारीत नाही. मात्र पन्नास वर्षांनंतर तिच्या मनात राहिलेली गोष्ट भुकेची नाही. सुकडी वाटणारा माणूस रांगेतल्या बायकांच्या तोंडाकडे न बघता पदरात सुकडी टाकायचा, आणि एकदा एकीने ‘भाऊ, हातावर द्या, पदर फाटलाय’ म्हटले तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, ‘फुकटचं खायला हात कशाला लागतो?’ फुकटचे! दिवसभर खडी फोडून!

हे आजीने मला त्याआधी कधी सांगितले नव्हते. माझ्या वडिलांनाही सांगितले नव्हते. आमच्या घरात दुष्काळाच्या गोष्टी पुष्कळ निघत, पण त्यात सुकडीची रांग नसे. त्या रात्री मी माझ्या मोबाइलमधले फोटो पुन्हा पाहिले. साठ पाकिटांचे चाळीस फोटो होते. प्रत्येकात माझा चेहरा नीट आला होता आणि समोरच्या माणसाचा हात तेवढा आला होता.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

अन्न देणाऱ्याला घेणाऱ्याविषयी काय वाटते त्यावर देण्याची पद्धत ठरते, असे मला आढळले. आमच्या तळेगावचेच उदाहरण घ्या. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा प्रघात येथे पाडला. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे हा दक्षिणेचा समारंभ पेशव्यांनी पुण्यास नेला. तेथे पर्वतीच्या पायथ्याशी रमणा बांधून हजारो ब्राह्मणांना आवारात घेत आणि बाहेर पडताना दक्षिणा देत. इंग्रजी अंमल आल्यावर याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा निघाली हे सर्वांस ठाऊक आहे. आता, दक्षिणा घेणाऱ्याला कोणी भिकारी म्हटले नाही. घेणारा देणाऱ्यावर उपकार करतो, त्याच्यामुळे देणाऱ्याला पुण्य लागते, अशी समजूत होती. मला त्या प्रथेचे गोडवे गावयाचे नाहीत. ज्याला गरज नाही त्याला मिळत होते आणि रमण्याबाहेर उपाशी असणाऱ्याला मिळत नव्हते, हा तिचा दोष उघड आहे. परंतु घेणाऱ्याची मान ताठ ठेवून देता येते एवढे तरी तिच्यावरून सिद्ध होते. प्रश्न फक्त कोणाची मान आपल्याला ताठ हवी आहे, हा आहे.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे १८७६-७८ चा दुष्काळ. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. एवढ्या धान्यावर दिवसभर माती उपसावयाची! मद्रास इलाख्यातील आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापावर कडक आक्षेप घेतला. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने सरकारकडे सतत लिहून दुष्काळाची खरी स्थिती मांडली, आणि मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी हे माप नाकारून कामे सोडली. उपाशी माणसे अन्न नाकारून उठली हे वाचताना मला स्टेशनवरची म्हातारी आठवली. टेंपलसाहेबांच्या मापामागे संशय होता. पोटभर दिले तर ज्याला गरज नाही तोही येईल, म्हणून इतके कमी द्यावयाचे की खरा उपाशीच येईल. हा विचार १८७७ बरोबर संपला असे समजू नये. ‘फुकट मिळतंय म्हणून येतात’ हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. त्यात आमच्या घरातलेही काही जण आहेत.

त्याच दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीस व्हिक्टोरिया बालाश्रम चालवून मुलांच्या जेवणाची सोय केली. जोतीराव फुल्यांनी मे १८७७ मध्ये त्यासाठी मदतीचे पत्रक काढले. सावित्रीबाई त्या दिवसांत जुन्नर भागात हिंडत होत्या. २० एप्रिल १८७७ चे त्यांचे ओतूरहून लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्याआधी, १८६८ मध्ये, जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. या हौदाचा उल्लेख मी मुद्दाम करतो. जोतीरावांना पाणी पाजावयाचे असते तर दारात माणूस उभा करून वरून ओंजळीत धार धरता आली असती. त्या काळी दयाळू माणसे तसे करीतच. हौद खुला केला म्हणजे तहानलेल्या माणसाने आपल्या वेळेला यावे, आपल्या भांड्याने, हवे तेवढे घ्यावे आणि कोणाचे तोंड न पाहता जावे. दोन्हींत पाणी तेच, तहान तीच. १९७२ साली डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली तेव्हाही मुद्दा पाण्याचा जितका होता तितकाच हात कोणाचा याचा होता.

आणि गाडगेमहाराज. त्यांच्याविषयी आपण शाळेत इतके वाचतो की पुढे वाचण्याचे राहूनच जाते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगावी जन्मलेले डेबूजी जानोरकर ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना पंगतीला बसवून जेवू घालीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पण स्वतः गावात आल्यावर आधी खराटा हाती घेऊन गाव झाडीत, आणि मग भाकर घेत. बाबा हे का करीत असावेत? ‘श्रमप्रतिष्ठा’ असे उत्तर आपण परीक्षेत लिहितो, गुण मिळतात. मला आता वाटते की माणसाला भाकर घेण्याआधी आपल्याकडून काही दिल्याचे समाधान हवे असते, हे त्यांना आतून ठाऊक होते. यातून ‘काम करा मगच खा’ असा दंडक काढणारे लोक आहेत. बाबांनी तो स्वतःला लावला होता. आंधळ्या-पांगळ्यांच्या हाती त्यांनी खराटा दिला नाही.

समाजशास्त्रात मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाचा देणगीवरील १९२५ चा निबंध आम्हाला संदर्भासाठी सांगतात. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की देणे, घेणे आणि परत करणे या तिन्ही गोष्टी मिळून देणगी होते. परत करण्याची वाट बंद केली की घेणारा लहान होतो. आपल्याकडे हे वेगळे शिकवावे लागत नाही. शेजारून वाटीभर आमटी आली तर आई वाटी रिकामी पाठवीत नाही, निदान चिमूटभर साखर घालते. वासुदेव पहाटे येतो तेव्हा गाणे आधी देतो, दान मागून घेतो. आमची पाकिटे घेणाऱ्यांना मात्र आम्ही परत करण्यासाठी एकच वस्तू ठेवली होती, ती म्हणजे फोटो.

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज ऑर्वेल ठाऊक आहेच. त्याचे पॅरिस आणि लंडनमधल्या हलाखीवरचे पुस्तक १९३३ मध्ये आले. त्यात लंडनचे भटके बेघर लोक आहेत. त्यांना जेवणाची तिकिटे मिळत, पण ती ठराविक खाणावळीतच चालत. खाणावळवाल्याला हे माहीत असल्यामुळे तो तिकिटाच्या किमतीपेक्षा कमी जेवण देई. एके ठिकाणी चहा-पाव मिळे, पण नंतर प्रार्थनेला बसावे लागे, आणि चहा पिऊन मंडळी तेथे उघड टवाळी करीत. आणखी एक तरुण पाद्री होता. तो लाजत लाजत तिकिटे भराभर हातात देई आणि आभाराची वाट न बघता निघून जाई. त्याच्याविषयी मात्र सर्वांचे मत चांगले होते. मी हा भाग वाचला तेव्हा आमच्या चाळीस फोटोंची पुन्हा लाज वाटली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, राजस्थान सरकारने अन्नवाटपाचे फोटो काढण्यास मनाई केली होती. त्या दिवसांत आमच्या जवळच्या पुणे-मुंबई रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन माणसे चालत जाताना मी पाहिली आहेत. त्यांना केळी-बिस्किटे देणारे पुष्कळ होते. बसायला सतरंजी टाकणारे एकच घर मी पाहिले.

सरकारी योजनांकडे पाहिले तर त्यात एक गोष्ट चांगली दिसते. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली, आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. तीस तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. टाळेबंदीत तिची किंमत पाच रुपये केली होती. पैसे अगदी थोडे, तरीही ते मोजून टेबलाशी बसणारा माणूस गिऱ्हाईक असतो, आणि भाजी आंबली तर तो तसे म्हणू शकतो. झुणका-भाकरीची केंद्रे अनुदान बंद झाल्यावर बहुतेक बंद पडली किंवा दुसरेच पदार्थ विकू लागली. पण त्याच्याही आधी, १९७४ पासून, पुण्यात हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ ना नफा ना तोटा या तत्त्वावर उभी आहे. बाबा आढावांचीच ती कल्पना. तेथे मी दोनदा मुद्दाम जेवून आलो. हमाल, रिक्षावाले, बाहेरगावचे विद्यार्थी एकाच बाकावर बसले होते. कोण किती गरीब हे कळण्याची सोय नव्हती. माझ्या मते ही त्या जागेची सर्वांत मोठी गोष्ट आहे. अर्थात तेथे खिशात थोडे पैसे असलेला माणूसच येऊ शकतो. ज्याच्याजवळ दहा रुपयेही नाहीत त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार बेघर भरले. एका रात्रीत फूटपाथ, फलाट आणि पुलाखाली हिंडून केलेली ही मोजणी आहे. सुटलेले किती असतील!

आता आमच्या प्रयोगाविषयी. पुढच्या आठवड्यात आम्ही स्टेशनवर रिकाम्या हातांनी गेलो. पाकिटांऐवजी वही नेली होती. ‘आजी, मामा, काय खायला आवडेल?’ असे विचारायचे ठरवले होते. वही पाहताच दोन माणसे उठून चालू लागली. एकाने विचारले, ‘नाव लिहून घेता म्हंजे उचलून नेणार का?’ हा प्रश्न वेडगळ नव्हता. आपल्याकडे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याखाली माणसाला पकडून नेता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातील कलमे घटनाबाह्य ठरवली, पण येथील माणसाच्या मनातली गाडी गेलेली नाही. आम्ही वही पिशवीत घातली. त्यानंतर कोणाचेही नाव विचारले नाही. ज्यांनी आपण होऊन सांगितले तेवढी ठाऊक आहेत.

उत्तरे मोठी मासलेवाईक आली. एकाला मधुमेह होता, त्याला बिनसाखरेचा चहा हवा होता. आजवर कोणी दिला नव्हता, कारण वाटपाचा चहा नेहमी पाकासारखा गोड. एका बाईला एकादशी असे, आणि त्या दिवशी हमखास कोणीतरी वडापाव आणून देई. दात नसलेल्या एका मामांना पोळी पाण्यात भिजवून खावी लागे. दोघांना अन्न नकोच होते, पिण्याचे पाणी भरून ठेवायला झाकणाची बाटली हवी होती. चार-पाच जण मात्र ‘काहीबी द्या’ म्हणाले. आम्ही पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा त्यांपैकी एक जण वैतागून म्हणाला, ‘आता तुमच्यासाठी विचार करत बसू का?’ निवड करण्याचासुद्धा थकवा असतो हे आम्हाला त्या दिवशी समजले. तेव्हापासून आम्ही विचारतो ते पाहुण्याला विचारतात तसे: भाकरी की भात? चहा साखरेचा की बिनसाखरेचा? दोनच गोष्टी समोर, आणि ‘आज नको’ म्हटले तर आग्रह नाही.

ती भाकरी मागणारी म्हातारी पुलाच्या बाजूला बसली होती. मी तिची माफी मागितली नाही. धीर झाला नाही. तिने मला ओळखले की नाही कळले नाही. म्हणाली, ‘ज्वारीची मिळंल का?’ आमच्या मावळात भाकरी तांदळाची. वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेल्या इंद्रायणी तांदळाचा आम्हाला केवढा अभिमान! ज्वारी आमच्याकडे पाहुणी. आजीला विचारले तर ती एकदम उभीच राहिली. माहेर सुटल्यापासून रोज ज्वारीची भाकरी थापायला तिला निमित्तच नव्हते.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही जातो. दोन डबे, एक किटली, वीस स्टीलच्या ताटल्या आणि एक सतरंजी. जो येईल तो बसतो, आम्हीही त्यांच्यात बसतो आणि तेच खातो. वीस ताटल्या असल्यामुळे आमची पंगत दुसरी होते. काही गुरुवारी आमच्या वाट्याला पिठले उरत नाही. साठ पाकिटांच्या जागी वीस-पंचवीस माणसे आली हे खरे आहे. एका प्राध्यापकांनी मला सरळ विचारले, ‘तुमच्या सन्मानापायी पस्तीस माणसे उपाशी राहिली असे मी म्हणू का?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. भूक मोठी असेल, पूर आला असेल, माणसे चालत निघाली असतील, तर पाकिटेच द्यावीत. तेव्हा ताटलीचा हट्ट धरणे हा देणाऱ्याचा चोचला होईल. परंतु तळेगाव स्टेशनवर पूर आलेला नाही. तेथे तीच माणसे रोज आहेत आणि आपण रोज त्यांना पूरग्रस्तासारखे वागवतो, एवढेच मी सरांना म्हणू शकलो.

पैशाचा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. रोख दिले तर दारू पितील, असे काही मित्र म्हणतात. पितीलही. आमच्या गावात पगाराच्या दिवशी किती जण पितात आणि त्यांचा पगार कोणी डब्यात घालून देत नाही, हे मी म्हणतो. त्यावर ते म्हणतात, पगार त्याचा आहे, वर्गणी आपली आहे. यातही तथ्य आहे. शेवटी तोडगा असा निघाला की वर्गणीतून अन्नच आणावे. ज्याला कोणाला स्वतःच्या खिशातून पैसे द्यावयाचे असतील त्याने द्यावेत आणि मग त्याचा हिशेब मागू नये.

दुसरा तंटा बोंबलाचा. एका मामांनी सुक्या बोंबलाची चटणी मागितली. नऊपैकी चौघे म्हणाले की वर्गणीच्या पैशातून मासळी नको, देणाऱ्यांत माळकरी आहेत. मी स्वतः माळकरी घरातला. वारीत आपण वारकऱ्याच्या पाया पडून ‘माउली, घ्या’ म्हणतो, आणि ती माउली काय खाते ते आपल्याला आधीच ठाऊक असते. हे मामा माउली नाहीत काय? दोन गुरुवार भांडण चालले. तिसऱ्या गुरुवारी आजीनेच शेजारणीकडून चटणी करून घेतली आणि वेगळ्या डबीत पाठवली. स्वतः ती मासळीला हात लावत नाही. मामांनी ती चाखून सांगितले की लसूण कमी पडलाय. आमच्या कार्यक्रमातली ती पहिली तक्रार. मी ती घरी जाऊन आजीला सांगितली, आणि ती शेजारणीला सांगायला लगोलग गेली.

म्हातारीचे सांगायचे राहिले. ती जेवण झाल्यावर आपली ताटली आपण घासते. पहिल्यांदा आम्ही तिच्या हातातून ती काढून घेतली. पाहुण्याने ताट घासायचे असते का? तेव्हा तिने जी नजर टाकली ती मला आजीच्या गोष्टीतल्या बायांची वाटली. आता ती आपली ताटली घासते, आणि मूड असला तर आमच्यापैकी दोघा-तिघांच्याही घासते. मूड नसला की तशीच उठून जाते. काही मित्रांना वाटते की हे बरे दिसत नाही, पाहणारे म्हणतील जेवण देऊन काम करून घेतात. आम्ही यावर मतदान घेणार होतो. मग लक्षात आले की मतदानाला तिला बोलावलेलेच नाही. तेव्हा तो विषय तसाच ठेवला आहे. आता जूनमध्ये पाऊस सुरू होईल, आणि मावळातला पाऊस म्हणजे सतरंजी टाकण्याचे नाव नको. छताची जागा शोधणे चालू आहे. कोणाच्या माहितीत असल्यास गुरुवारी संध्याकाळी तळेगाव स्टेशनवर येऊन सांगावे. जेवून जावे. भाकरी ज्वारीची असते.